सातव्या पाळण्याचा शेवट

बोरखेडीचा नानाजी शिंपी कापड कापायचा मापात आणि बोलायचा मापाबाहेर. आष्टीच्या बाजारापासून चार कोसांवरच्या त्या गावात त्याचं दुकान म्हणजे एक पडवी, एक पायमशीन आणि फळीवर लाल फडक्यांत बांधलेली दोन गाठोडी. एकात पोथ्या, दुसऱ्यात कादंबऱ्या. चातुर्मासात मारुतीच्या पारावर पोथी वाचण्याचा मान त्याचा. उरलेले आठ महिने तो मशीन चालवता चालवता गिऱ्हाइकांना सिनेमे सांगायचा. सांगायचा म्हणजे सिनेम्यांची उणीदुणी काढायचा.

तक्रार एकच असायची. पुस्तकावरून सिनेमा काढणाऱ्यांनी पुस्तकाशी इमान राखलं नाही.

"गिऱ्हाइकानं नमुन्याले सदरा देल्ला आन् शिंप्यानं त्याची बंडी शिवली, तं गिऱ्हाईक त्याले जोड्यानं मारंन का नाई? मंग ह्या कंपनीवाल्यायले कोनी काऊन नाई मारत?"

यावर कोण काय बोलणार? ती पुस्तकं गावात त्याच्याशिवाय कुणी वाचलेलीच नव्हती. वासरात लंगडी गाय शहाणी, आणि ही गाय लंगडत का होईना, वीस वर्षं ऐटीत चालत होती.

सगळ्यात जुनं दुखणं होतं 'सातवा पाळणा' या कादंबरीचं. अंगावर काटा आणणारं पुस्तक. एका श्रीमंत घरात मूल जन्मतं आणि पाळण्यातच दगावतं. असे सहा पाळणे रिकामे होतात. सातव्या वेळी उघडकीला येतं की घरची सुईणच चेटकीण आहे. दिवसा तिचे पाय सरळ, रात्री उलटे, आणि लेकरांचा श्वास ओढून ती आपलं आयुष्य वाढवते. गावकरी तिचे केस कापतात, तिला खोपटात कोंडून खोपट पेटवून देतात, आणि पहाटे सातव्या पाळण्यातलं बाळ खणखणीत रडतं. समाप्त. भुताखेताचं पुस्तक घरात मोठ्यानं वाचू नये असा रिवाज, म्हणून नानाजी ते मनात वाचायचा. इतकं वाचलं की पानं सुटली आणि त्यानं ती दोऱ्यानं पुन्हा शिवून घेतली.

लग्नानंतर तो बायकोला, कौशल्याबाईला, वर्ध्याला घेऊन गेला होता तो या पुस्तकावरचा बोलपट पाहायला. कंपनीनं शेवट पार फिरवला होता. सुईण निर्दोष, आणि इस्टेटीसाठी लेकरांना विष घालणारा निघाला घरचाच धाकटा भाऊ. कौशल्याबाई रडली, तिला तो फार आवडला. नानाजी मात्र परतीच्या वाटेवर अवाक्षर बोलला नाही. नव्या नवरीला वाटलं, आपलंच काही चुकलं. घरी पोचल्यावर तो म्हणाला, "पुस्तकाचा गळा कापला भडव्यायनं," तेव्हा कुठं तिच्या जिवात जीव आला.

अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात आष्टीला सिनेमाचा तंबू आला आणि त्यात हीच गोष्ट नव्यानं, हिंदीत काढलेली. नानाजीनं बैलगाड्या जुंपायला लावल्या आणि अर्धं गाव घेऊन गेला. बायाबापड्यांना हिंदी समजेना, तर हा शेजारी बसून सांगत होता. सुरुवातीला आवाजात कुरकुर होती. मग ती कमी झाली. पडद्यावर सुईणीचे केस कापले गेले, खोपट पेटलं, बाळ रडलं, आणि नानाजी मांडीवर थाप मारून उठून उभा राहिला.

"तंतोतंत! पुस्तकातला एक टाका इकडचा तिकडं नाई. जसं लिवलं, तसंच दाखवलं."

वीस वर्षं जो माणूस सिनेम्याला खोटं म्हणत आला, तो आज खरं म्हणाला. गावानं ते गाठीला बांधून घेतलं. 

आता धुरपताबाईबद्दल सांगायला हवं. बोरखेडीत तेव्हा विशी-पंचविशीत असलेली बहुतेक माणसं तिच्या हातावर जन्मली होती. दोन वर्षांमागं तिच्या वस्तीनं नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. घरातले देव बाहेर निघाले. वस्तीच्या पुरुषांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, त्याचा गावाला राग होताच. धुरपताबाईनं मात्र बाळंतपणं सोडली नाहीत. "पोटातलं लेकरू काई धरम इचारून येत नाई," असं म्हणायची आणि हाक आली की निघायची. तंबूतल्या त्या खेळानंतर लोक तिच्या पायांकडे बघू लागले. ती रस्त्यानं आली की लेकुरवाळ्या बाया बाळाच्या तोंडावर पदर ओढायच्या. नानाजीला हे दिसत होतं. चार दिवसांत विसरतील, असं म्हणून त्यानं मशीन चालू ठेवलं.

आणि मग भैय्याजींच्या घरी घात झाला. भैय्याजी म्हणजे गावातले किराणा-कापसाचे व्यापारी, शब्दाला वजन असलेला माणूस. त्यांची सून शोभाबाई पहिलटकरीण. कळा सुरू झाल्या तेव्हा तिचा नवरा, त्यांचा थोरला मुलगा मोतीलाल, धुरपताबाईला बोलवायला निघाला होता. भैय्याजींनी त्याला उंबऱ्यावरच अडवलं. "देव सोडलेल्या बाईचा हात माह्या घरात नाई लागत." दोन दिवस सून तडफडली. शेवटी तिचे डोळे फिरायला लागले, तेव्हा बोलावणं गेलं. धुरपताबाईनं शोभाबाईला मरणाच्या दारातून ओढून आणलं, पण बाळ पोटातच गेलं होतं. मुलगा होता. मदतीला गेलेली कौशल्याबाई सकाळी घरी आली आणि हे सगळं नवऱ्याला सांगता सांगता चुलीपुढं बसून ढसाढसा रडली.

दुपारपर्यंत गावात वेगळीच बातमी झाली होती. बाईनं लेकरू खाल्लं.

त्या दिवशी आष्टीचा बाजार होता. वस्तीतले धडधाकट लोक बाजाराला नाहीतर कापूस वेचायला गेलेले. धुरपताबाईचा मुलगा हरिदास पुलगावला लष्कराच्या डेपोत हमाली करायचा, तोही लांब. मोतीलाल आणि त्याच्याबरोबरचे चार-सहा जण वस्तीत गेले आणि म्हातारीला ओढत पारावर घेऊन आले. तिथून मोतीलाल स्वतः नानाजीच्या पडवीत आला. त्याचे डोळे लाल होते. त्यानं फळीवरची कापडाची मोठी कात्री उचलली.

"हे घेतो. आन् तुमी चाला, पुस्तक घेऊन."

"कायचं पुस्तक?" नानाजीनं विचारलं.

"सातवा पाळणा. बाबा म्हनते, सिनेम्यावर मानसाले हात लावता येत नाई. पुस्तकात छापेल असंन तं गोष्ट येगळी."

तो निघून गेला. दाराशी कौशल्याबाई उभी होती.  "तंतोतंत कोनं म्हतलं होतं?" एवढंच विचारून आत गेली. नानाजीनं गाठोडं सोडलं. पुस्तक चुलीत घालावं असं मनात आलं. पण त्यानं काय होणार? मग लोकांना त्याचं तंबूतलं बोलणंच पुरावा म्हणून पुरलं असतं.

पारावर पन्नासेक माणसं. कडुनिंबाच्या बुंध्याशी धुरपताबाई बसली होती, हात गुरांच्या दाव्यानं बांधलेले. लुगडं मातीनं भरलेलं. कुणीतरी तिचे पाय उघडे करून पाहिले होते. पाय सरळच होते. "दिवसा सरळच असते, सिनेम्यात नाई पाह्यलं का?" असं कुणीतरी त्यावर म्हणालं होतं. मोतीलालचा धाकटा भाऊ ताराचंद बाजूला घासलेटचा डबा घेऊन बसला होता. दुकानातलाच डबा. भैय्याजी पाराच्या कट्ट्यावर पाय सोडून बसलेले. उद्या ठाणेदार आला तर पुढं करायला काहीतरी हवं, एवढा हिशेबीपणा त्या दुःखातही त्यांच्यात शिल्लक होता.

"नानाजी," ते म्हणाले, "तुमी खोटं बोलनारा मानूस नाई. वाचा शेवट. जे छापेल असंन थे करू."

नानाजीनं धुरपताबाईकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. ती कात्रीकडे पाहत होती.

त्याला एकच गोष्ट सुचली, आणि ती त्याच्या रोजच्या सवयीतली होती.

"पुस्तकाची साक्ष पायजे ना? मंग पोथीच्या रिवाजानं ऐका. चपला काढा. खाली बसा. अध्याय पुरा होईस्तोवर कोनी उठायचं नाई आन् मधात बोलायचं नाई. मोडता घातला तं पाप तुमच्या माथी."

मोतीलालनं तोंड वाकडं केलं. पण सवय मोठी असते. लहानपणापासून याच पारावर याच माणसापुढं हात जोडून बसलेली माणसं ती, एकामागून एक खाली बसली. मोतीलालनंही चपला काढल्या. कात्री मांडीवर ठेवली.

नानाजीनं पोथी ठेवायच्या लाकडी ठवणीवर पुस्तक ठेवलं आणि शेवटचा अध्याय वाचायला घेतला. जसा होता तसाच वाचला. दुसरा इलाज नव्हता, हे सगळं त्यांनी पडद्यावर पाहिलेलं होतं. सुईणीचे केस कापले. माणसांच्या माना हलल्या. तिला कोंडलं. ताराचंदचा हात डब्याच्या बुचावर गेला. खोपट पेटलं, सातवं बाळ रडलं. मागच्या रांगेतला एक जण उठायला लागला.

"बस," नानाजी कडाडला. "अध्याय झाला नाई. सिनेमावाल्यायनं इथंच पडदा पाडला. पुस्तक पुढं हाये."

त्यानं पान उलटलं. पुढं काही नव्हतं. प्रकाशकानं छापलेली जाहिरात होती, केसांच्या तेलाची, लांब केस सोडून उभ्या असलेल्या बाईचं चित्र आणि खाली बाटलीची तारीफ. नानाजीनं तिच्यावर नजर रोवली आणि पुस्तकी आवाजात वाचायला सुरुवात केली.

"तथापि तो आनंद क्षणभरच टिकला. सूर्य उगवला आणि सातव्या पाळण्यातील बाळही निपचित पडले."

 मोतीलालची मान वर आली.

"यजमानाने कपाळ बडवून घेतले. तो म्हणाला, सुईण तर जळून गेली, मग हे बाळ कोणी नेले? तेव्हा त्याचा धाकटा भाऊ पुढे आला..."

जुना बोलपट त्याच्या तोंडात आला होता. वीस वर्षं ज्याला शिव्या दिल्या तोच शेवट. आता पुढचं वाक्य विषाचं. बोलता बोलता त्याची नजर वर गेली, तर समोर ताराचंद. थोरल्याचा धाकटा भाऊ, तोंड उघडं टाकून ऐकत बसलेला.  हे वाक्य पुरं केलं असतं तर कात्री या पोराकडे वळली असती.

"पुढे आला," त्यानं पुन्हा म्हटलं, "आणि दादाच्या पायांशी बसून रडू लागला."

पान उलटायला हवं होतं. त्यानं उलटलं. आता कुणाला धरायचं? भुताच्या गोष्टीला गुन्हेगार लागतोच. आईला दोष द्यावा, तर तिकडं माडीवर शोभाबाई तापानं फणफणत पडली होती, तिला उद्या घरातच कुणी जगू दिलं नसतं. देवाचा कोप म्हणावं, तर देव कुणी सोडले हे विचारायला गावाला वेळ लागला नसता, आणि डबा एका खोपटाऐवजी सगळ्या वस्तीकडे गेला असता. कुणाचंही नाव घ्या, समोर त्याचं तोंड बसलेलं.  जन्मभर दुसऱ्यांनी बदललेले शेवट मोजत बसला होता. एक शेवट शिवायला किती जड जातो, हे त्याला आजच कळलं.

"पुढं?" मोतीलाल म्हणाला. मधात बोलायचं नसतं, पण त्याला कुणी टोकलं नाही.

नानाजीला सकाळी चुलीपुढं रडणारी कौशल्याबाई आठवली. मग त्याला काही रचावं लागलं नाही.

"तेव्हा त्या घरची वृद्ध दासी म्हणाली, धनी, सुईणीने एकही बाळ नेले नाही. तिच्या हाती बाळे आली तीच अर्धमेली. सातही वेळा कळा सुरू झाल्या, सातही वेळा तिला बोलावण्यास माणूस निघाला, आणि सातही वेळा त्याला उंबऱ्यावर अडवण्यात आले. ती हलक्या वस्तीतील, तिचा स्पर्श नको म्हणून. सूनबाई दोन दोन दिवस तळमळत राहिल्या. आशा सुटली तेव्हा दार उघडले. यजमानाने विचारले, माणसाला उंबऱ्यावर कोणी अडवले? दासीने उत्तर दिले नाही. तिने नुसते त्याच्याकडे पाहिले. आणि यजमान त्या राखेपाशी जाऊन बसला, तो पुन्हा उठला नाही. अध्याय समाप्त."

पुस्तक ठवणीवर उघडंच राहिलं.  पारावर कुणी कुणाकडे बघेना. भैय्याजींच्या घरचा उंबरा गावात कुणाला ठाऊक नव्हता?

"हे सिनेम्यात नाई," मोतीलाल सावकाश म्हणाला.

"सिनेम्यात कसं असंन? तिकीट काढून आपलीच चूक पाह्यले कोन येते?"

"तुमीच तं तंतोतंत म्हनत होते."

"जेवढं दाखवलं, थे तंतोतंत. जेवढं कापलं, थे कापलं."

मोतीलाल उठला. तो चार इयत्ता शिकलेला होता, अक्षर लावून वाचायचा. "आना इकडं. मी पाह्यतो."

 पुस्तक ओढून घ्यावं तर संशय, द्यावं तर तेलाची बाटली. मोतीलालचा हात ठवणीपर्यंत आला होता, पण दुसरा हात आधी पोचला.

"थांब," भैय्याजी म्हणाले. "मी वाचतो."

त्यांनी चश्मा लावला. पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. ते कापसाच्या हिशेबाच्या पट्ट्या वाचणारे व्यापारी, छापील अक्षर त्यांना कधी अडलं नव्हतं. त्यांचे ओठ हलत होते. एवढंसं पान, पण ते वाचतच राहिले. मग त्यांनी मागचं पान उलटून पाहिलं, जिथं 'समाप्त' छापलं होतं, आणि पुन्हा पुढं आले. नानाजी त्यांच्या तोंडाकडे बघत उभा होता. आता ओरडतील, हा शिंपी खोटारडा आहे म्हणून. मग बाईचं तर जाईलच, आपलंही जाईल. त्याला धुरपताबाईचा श्वास ऐकू येत होता.

"बाबा?" मोतीलालनं विचारलं. "काय लिवलं हाये?"

भैय्याजींनी चश्मा काढला. मुलाकडे पाहायला त्यांना फार कष्ट पडले.

"असंच लिवलं हाये."

"उंबऱ्याचं?"

"उंबऱ्याचंच."

मोतीलाल बापाकडे बघत राहिला. कात्री त्याच्या हातातून कधी पडली ते त्यालाही कळलं नसावं. "मी चाललो होतो बाबा, पह्यल्याच दिशी," एवढं म्हणून तो मटकन खाली बसला आणि हुंदके द्यायला लागला. भैय्याजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवायला पुढं केला आणि मागं घेतला. माणसं उठली आणि चपला शोधू लागली. ताराचंद डबा उचलून घराकडे गेला. दावं सोडायला नानाजीच वाकला. गाठ आवळून बसली होती, दातांनी सोडावी लागली. धुरपताबाईच्या मनगटांवर लाल वळ उठले होते. ती उठली आणि वस्तीकडे चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी निरोप मिळून हरिदास पुलगावहून आला. त्यानं खोपटातलं सामान गाडीत भरलं. आई आता पुलगावलाच राहणार होती. नानाजी वेशीपर्यंत गेला. का गेला, त्यालाही नीट सांगता आलं नसतं. दोन शब्द गोड ऐकायला मिळतील अशी आशा असावी, आणि तीत काही वाईट नव्हतं. बाईचा जीव त्यानं वाचवला होता, हे खरंच होतं.

"धुरपताबाई, जपून राहजो."

तिनं गाडी थांबवायला लावली. ती त्याच्यावर रागावलेली नव्हती. डोक्यावरून पदर घेऊन तिनं साधंच विचारलं, जसं एखाद्याला रस्ता विचारावा.

"नानाजी, मी ह्या गावात एवढी लेकरं काढली. काल मी चेटकीण हाये का मानूस, हे तुमी पुस्तकात पाह्यलं. पुस्तकात लिवलं नसतं, तं?"

  तिनं हरिदासला गाडी हाकायला सांगितलं आणि नानाजी चाकापासून बाजूला झाला.